दोन ताटांची जागा

सोमवारी संध्याकाळी दुकानातून आल्यावर धम्मशीलानं हॉलमधला दिवा लावला, पर्स खुंटीला अडकवली आणि सवयीनं टेबलावरून हात फिरवला. खिडकीकडच्या टोकाला हात अडखळला. तिथला दगड खरखरीत लागत होता, पाटीसारखा.

तिनं वाकून पाहिलं. पांढऱ्या मार्बलचं टेबल होतं ते, राखाडी शिरांचं. दुकानात आलेल्या मालातून ही लादी तिनंच निवडली होती, कडा गोल करून घेतल्या होत्या, आणि रोज संध्याकाळी साध्या साबणाच्या पाण्यानं पुसून मऊ फडक्यानं कोरडी करायचं कामही तिनं दुसऱ्या कुणाला दिलं नव्हतं. बाकी सगळ्या टेबलात दिव्याचा उजेड उतरत होता. खिडकीकडच्या दोन खुर्च्यांसमोर तो विझल्यासारखा झाला होता. दगडाची चकाकीच गेली होती.

त्या दोन खुर्च्यांवर आदल्या दिवशी तिचे आईवडील बसले होते.

लग्नाला तीन वर्षं होत आली होती. कोर्टात झालेलं लग्न. तिचे वडील प्रेमानंद एसटीत कंट्रोलर होते, आता निवृत्त. ते आणि सिंधूताई जानेफळहून मेहकरला यायचे ते थेट दुकानात. टाइल्स आणि दगडाच्या त्या दुकानात स्टुलावर बसून चहा घ्यायचे, लेकीला डोळेभर पाहायचे आणि परत जायचे. घरी या म्हटलं की या घरात काहीतरी निघायचंच. कधी रंगकाम, कधी नवऱ्याच्या आत्याबाईंचा उपास. शेवटी तिचा नवरा हर्षल हट्टाला पेटला आणि रविवारी ते दोघं पहिल्यांदा या घरात जेवले. पुरणाच्या पोळ्या होत्या, वांग्याची भाजी, कढी. सासरे उकंडराव व्याह्यांशी पावसापाण्याचं बोलले. सिंधूताईंनी टेबलावरून बोटं फिरवत म्हटलं होतं, किती गार लागते हो. परतताना एसटी स्टँडवर प्रेमानंदांनी लेकीला एवढंच विचारलं होतं, आता घरातले बरे वागतात ना? ती हो म्हणाली होती, आणि ते तिलाही खरं वाटलं होतं.

हर्षल गाडी लावून आत आला. ती टेबलापाशी का उभी आहे ते पाहायला जवळ आला आणि थांबला. त्याची नजर डागावरून एकदा फिरली. दगडाच्या धंद्यात वाढलेला माणूस तो. त्याला दुसऱ्यांदा पाहावं लागलं नाही.

"लिंबू सांडलं असंन," तो म्हणाला. "काल सरबत केलं होतं ना."

धम्मशीला त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. गिऱ्हाइकांना दोघं रोज हेच समजावत होते की मार्बलला आंबट चालत नाही. लिंबू, चिंच, दही काहीही पडलं तर लगेच टिपून घ्या, घासू नका. लिंबाचा डाग थेंबाएवढा पडतो, फार तर पेल्याच्या बुडाएवढा गोल. इथं एका खुर्चीपासून दुसऱ्या खुर्चीपर्यंत हात मारून घासलेलं दिसत होतं. उकंडरावांचं ताट जिथं होतं तिथं ते घासणं थांबलं होतं.

ती बाथरूममध्ये गेली. संडास धुवायच्या ॲसिडची बाटली कोपऱ्यात झाकण सैल अशी उभी होती. ब्रश ओला होता.

*

रुक्मिणीबाईंनी भाकरी तव्यावर टाकली तेव्हाच त्यांना कळलं की आज जेवण नीट होणार नाही. सून स्वयंपाकघरात आली नव्हती. पानं घेतल्यावर ती आली, पण बसली नाही. सगळे बसलेले होते: उकंडराव, त्यांची विधवा थोरली बहीण कौशल्याबाई, हर्षल, आणि त्याची धाकटी बहीण संजीवनी, जिला येत्या रविवारी पाहुणे पाहायला येणार होते.

हे कोणी पुसलं, असं धम्मशीलानं विचारलं. आवाज चढवला नव्हता.

कुणीतरी काहीतरी बोलून वेळ मारून नेईल असं रुक्मिणीबाईंना वाटलं. पण कौशल्याबाईंनी घास गिळला आणि सरळ सांगितलं की आपण पुसलं. लपवण्यासारखं त्यात त्यांना काहीच वाटत नव्हतं. घर भावाचं आहे, घरात देव आहेत, आपलं वय झालं, आता नवे रिवाज शिकायला जमणार नाहीत, असं त्या बोलत गेल्या. पाहुण्यांच्या तोंडावर काही म्हटलं का? नाही. जेवू घातलं, हातावर पाणी दिलं. मागून पुसलं तर कोणाच्या अंगाला लागलं?

"आत्याबाई, ते ॲसिड संडासाचं हाये," धम्मशीला म्हणाली.

"मंग? चांगलं निंगते त्यानं."

रुक्मिणीबाईंनी भाकरी उलटली. त्याच दुपारी त्या इथंच उभ्या होत्या, कणीक मळत. नाकात झणका गेला म्हणून त्यांनी दारातून पाहिलं होतं. पांढऱ्या दगडावर पांढरा फेस फसफसत होता आणि नणंद पदर खोचून दोन्ही हातांनी घासत होती. रुक्मिणीबाई परत वळल्या होत्या आणि मळून झालेली कणीक पुन्हा मळत बसल्या होत्या. तीस वर्षं या नणंदेपुढं त्या अशाच वळत आल्या होत्या. संजीवनीचं स्थळही तिनंच आणलेलं, तिच्या सासरच्या धामणगाव बढ्याचं. तुळशीरामजींचं घर, बाजारपेठेत मोठं कापडाचं दुकान.

उकंडरावांना भांडण नको होतं. त्यांनी बहिणीला समजुतीच्या सुरात म्हटलं की बाई, तू निदान साध्या पाण्यानं पुसायचं होतंस. धम्मशीलानं ते ऐकलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला, हे रुक्मिणीबाईंनी पाहिलं. उकंडरावांना ते दिसलं नाही. ते सुनेकडे वळले आणि चांगल्या मनानं बोलावं तसं बोलले.

"हे पाय पोरी, जे झालं ते झालं. तुह्या हाताचं काम हाये ते. दुकानात पावडर हाये, मशीन हाये. रविवारच्या आंधी पॉलिश मारून टाक. धामनगावचे लोकं येऊन राह्यले, त्याइले असं दिसलं तं कसं वाटंन?"

संजीवनीनं ताटातला हात थांबवला होता.

"माह्या आईबापाची जागा तुमी संडासासारखी धुतली," धम्मशीला म्हणाली, "अन् ती चमकवून मी द्यायची?"

हर्षल म्हणाला की बाबांना तसं म्हणायचं नाही. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

उकंडरावांना आता राग आला. त्यांनी म्हटलं की तेव्हाच मी सांगत होतो, सिरॅमिकचं टेबल घ्या. त्यावर काही टाका, फडकं मारलं की साफ. तुम्हालाच हौस मार्बलची. सिरॅमिकचं असतं तर हे काही झालंच नसतं.

"झालं असतं, बाबा," धम्मशीला म्हणाली. "फक्त दिसलं नसतं."

ती आत निघून गेली. तव्यावरची भाकरी करपली होती. कौशल्याबाईंनी कढी मागितली, आणि वाढताना रुक्मिणीबाईंच्या हातून ती ताटाबाहेर सांडली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी ती पुसली नाही.

*

दुसऱ्या दिवशी दुकानात हर्षल बिलं करत बसला होता आणि धम्मशीला एका नव्या जोडप्याला टेबलाचे दगड दाखवत होती. लोणारकडचे होते, नवं घर बांधलेलं. ती नेहमीसारखंच बोलत होती. ग्रॅनाइट दणकट असतो, पण तेल सांडलं तर पिऊन टाकतो, म्हणून वर्षा-दोन वर्षांनी वरून सीलरचा थर मारून घ्या. सिरॅमिकला काही होत नाही, फक्त तारेची घासणी लावू नका. मार्बलला जपावं लागतं.

"इतकं नाजूक असंन तं घ्याव कायले?" त्या बाईनं विचारलं.

"नाजूक नाई," धम्मशीला म्हणाली. "त्याच्याशी कसं वागले ते त्याच्यावर दिसते, एवढंच."

हर्षलनं मान वर केली नाही. गिऱ्हाईक गेल्यावर तो तिच्याजवळ आला. रात्रीपासून त्यानं मनात बरंच जुळवलं होतं. आत्या जुन्या वळणाची आहे, ती बदलणार नाही. आई बिचारी कुणात नाही. बाबांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. संजूचं लग्न एकदा पार पडू दे, मग आपण वरच्या मजल्यावर वेगळं राहू. आणि टेबलाचं म्हणशील तर तू हातही लावू नको, मी स्वतः पॉलिश करतो, आजच.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की आत्याबाईंचा मला राग आहे, पण त्यांच्याकडून माझी काही अपेक्षाच नव्हती.

"ॲसिड तुह्यं नव्हतं हर्षल. लिंबू तुह्यं होतं."

त्याला वाटलं ती आणखी काही बोलेल. ती बोलली असती तर त्याला उत्तर देता आलं असतं. पण ती नमुन्याच्या टाइल्स पुन्हा जागेवर लावू लागली, आणि त्याला आठवत राहिलं की तिच्याशी लग्न करायचं म्हणून आपण वर्षभर बापाशी भांडलो होतो, घर सोडून खोलीवर राहिलो होतो. तेवढं केलं म्हणजे झालं, असं त्यानं धरलं होतं. तेव्हाची हिंमत कालही चालेल, आजही चालेल, असं त्याला वाटत आलं होतं. काल संध्याकाळी एक वाक्य बोलायची वेळ आली तेव्हा मात्र तोंडातून लिंबू निघालं.

थोड्या वेळानं ती पाठमोरीच म्हणाली की मी घरात राहीन, सगळी कामं करीन, पण त्या टेबलाला हात लावणार नाही आणि त्यावर जेवणारही नाही. आणि हे माझ्या आईबापाला मी सांगणार नाही. माझ्या तोंडून ते निघणार नाही. ज्यांनी केलं, ज्यांनी पाहिलं, त्यांनी जाऊन सांगावं.

"पायलं कोनं?" हर्षल म्हणाला.

"ॲसिडचा वास घरभर जाते. सैपाकघर तं चार पावलांवर हाये."

*

गुरुवारी रुक्मिणीबाई कुणाला खरं न सांगता घरून निघाल्या. सून काय म्हणाली ते हर्षलकडून त्यांच्या कानावर आलं होतं. दवाखान्यात जाते म्हणाल्या आणि जानेफळच्या काळीपिवळीत बसल्या. व्याह्यांचं घर त्यांनी पाहिलेलं नव्हतं. शाळेजवळ विचारावं लागलं.

सिंधूताई अंगणात तुरीची डाळ पाखडत होत्या. विहिणीला एकटीलाच दारात पाहून त्या हातातल्या सुपासकट उठल्या. पोरीले काई झालं काय, हेच त्यांनी आधी विचारलं. नाही नाही, ती बरी आहे, असं सांगून रुक्मिणीबाई ओट्यावर टेकल्या. प्रेमानंद आतून चष्मा पुसत बाहेर आले, जय भीम म्हणाले, आणि खुर्ची पुढं केली. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत.

वाटेत त्यांनी ठरवलं होतं की हळूहळू विषय काढायचा. पण सुरुवात झाली आणि सगळं एका दमात बाहेर पडलं: बाटली, ब्रश, फेस, नणंद काय म्हणाली, नवरा काय म्हणाला. प्रेमानंद ऐकता ऐकता उठले आणि पुन्हा आत गेले. आतल्या भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता. त्यांच्यापुढं ते अंगणाकडे पाठ करून उभे असलेले दिसत होते.

सिंधूताईंनी सूप खाली ठेवलं.

"तवा तुमी कुठं होत्या?"

"सैपाकघरात."

"दिसत होतं?"

"हाव. दिसत होतं."

सिंधूताईंनी विचारलं की रविवारी आम्ही जेवत होतो तेव्हा तुम्ही मला तिसरी पोळी आग्रह करून वाढली होती. तो आग्रह खरा होता का? रुक्मिणीबाई रडू लागल्या. सिंधूताईंनी त्यांचं रडणं थांबवायचा प्रयत्न केला नाही. चहाही विचारला नाही.

"तुमी आल्या, चांगलं केलं," त्या शेवटी म्हणाल्या. "पन इथं सांगून काय होते, ईहीनबाई? इथं तं सारे आमचेच हायेत. जिथं धुतलं तिथं सांगा. सगळ्याइसमोर."

रविवारी धामणगावचे पाहुणे येणार आहेत, हे रुक्मिणीबाईंनी घाबरत सांगितलं.

"मंग आमीबी येतो," सिंधूताई म्हणाल्या. "आमची लेक हाये त्या घरात. पाहुन्याइले तेबी दिसू द्या."

*

रविवारी सकाळी उकंडरावांनी बाजारातून मोठा फुलाफुलांचा टेबलक्लॉथ आणला आणि टेबलावर अंथरला. पाहुण्यांची गाडी गल्लीत शिरली तेव्हा रुक्मिणीबाई स्वयंपाकघरातून आल्या, टेबलक्लॉथ ओढून काढला आणि घडी करून काखेत धरला. उकंडराव डोळे वटारून पाहत राहिले. बोलायला वेळ नव्हता.

तुळशीराम आले, त्यांची बायको आली, मुलगा शेखर आला. कौशल्याबाईंनी सगळ्यांची ओळख करून दिली. त्यांच्या पाठोपाठच प्रेमानंद आणि सिंधूताई आले. प्रेमानंदांनी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. धम्मशीलाला ते येणार असल्याचं माहीत नव्हतं. ती दारातच उभी राहिली. आईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सरळ आत जाऊन खिडकीकडच्या त्याच खुर्चीवर बसली. प्रेमानंद शेजारी बसले. हे सुनेचे आईवडील, असं उकंडरावांना सांगावंच लागलं. तुळशीरामांनी हातातली सुपारी तोंडात टाकली आणि बरं बरं म्हटलं.

संजीवनीनं पोह्यांच्या बशा आणल्या. तुळशीराम जुने व्यापारी. वस्तू पाहिली की हात लावून पारखायची सवय. टेबलाच्या मधोमध हात फिरवून त्यांनी तारीफ केली, मग त्यांची नजर खिडकीकडं गेली.

"इकडं असं काऊन झालं? दगड खराब निंगाला काय?"

"हाव," उकंडराव घाईनं म्हणाले. "दगडच खराब निंगाला. दुकानातलाच माल, काय सांगावं."

धम्मशीलानं ओठ घट्ट मिटले. तिनं हर्षलकडं पाहिलं नाही, आणि ती पाहत नाही हेच हर्षलला सहन होईना. पण त्याच्या आधी त्याची आई बोलली. काखेतला टेबलक्लॉथ तिनं अजून खाली ठेवला नव्हता.

"दगड चांगला हाये," रुक्मिणीबाई म्हणाल्या. आवाज फार बारीक निघाला म्हणून त्यांनी ते पुन्हा म्हटलं. "मागच्या रविवारी हे आमचे इवाई-ईहीन इथं जेवले. दुसऱ्या दिवशी त्याइची जागा आमच्या ननंदबाईनं संडासाच्या ॲसिडनं धुतली. म्या आतून पायलं, अन् गप बसली."

"अन् मी बायकोले लिंबू सांडलं म्हनून सांगतलं," हर्षल म्हणाला. "खोटं सांगतलं."

कौशल्याबाई उठल्या. भावाकडे पाहून त्यांनी म्हटलं की पाहुण्यांसमोर माझी अब्रू घालवायला मला इथं ठेवलं होतं का? त्या आपल्या खोलीत गेल्या आणि आतून कडी लागली.

तुळशीरामांच्या बायकोनं टेबलावरचा हात हळूच उचलून मांडीवर घेतला. तुळशीराम म्हणू लागले की प्रत्येक घरात म्हातारी माणसं असतात, एवढं काय त्यात, आपण ज्यासाठी आलो ते बोलू. तेव्हा संजीवनी, जिला आतापर्यंत कुणी शिक्षणापलीकडं काही विचारलं नव्हतं, पोह्याची रिकामी ताटली हातात घेऊन शेखरसमोर उभी राहिली.

"तुमच्या घरी धुतलं असतं काय?"

शेखरनं तोंड उघडलं. मग त्यानं बापाकडं पाहिलं. बापानं नजर दिली नाही तेव्हा आईकडं पाहिलं.

"राहू द्या," संजीवनी म्हणाली. "समजलं मले."

पाहुणे चहासाठी थांबले नाहीत. निरोप कळवतो म्हणाले. तो कळवायची गरज उरलेली नव्हती. उकंडराव त्यांच्या मागं गाडीपर्यंत गेले आणि परत येऊन पायरीवर बसले. पायातल्या चपला त्यांनी काढल्या नाहीत आणि ते कुठं गेलेही नाहीत.

प्रेमानंदांनी उठायची तयारी केली. त्यांना झालं तेवढं पुरे होतं. गाडीची वेळही होत आली होती. सिंधूताईंनी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. राग त्यांच्या चेहऱ्यावरून अजून उतरला नव्हता, आणि तो उतरवायची त्यांना घाई नव्हती.

"बसा," त्या म्हणाल्या. "आपन जेवाले आलो."

रुक्मिणीबाई लगबगीनं आत गेल्या. धम्मशीला आईशेजारची खुर्ची ओढून बसली. सोमवारपासून ती या टेबलाशी बसली नव्हती. तिनं दोन्ही तळवे त्या खरखरीत जागेवर पालथे ठेवले आणि तसेच राहू दिले.

हर्षल ताटं घेऊन आला. ती मांडताना तो तिच्याजवळ वाकला आणि हळूच म्हणाला की पाहुणे तर गेले, आता मी हे पॉलिश करू का.

धम्मशीलानं त्याच्याकडे पाहिलं. आठवड्यात पहिल्यांदा, नीट.

"आधी वाढ," ती म्हणाली.